मुलांची खेळणी लावायची कशी? मूल स्वतः आवरू शकेल अशी मांडणी, पायरीपायरीनं

आमच्याकडे पहिली तीन वर्षं खेळण्यांसाठी एक मोठा पेटारा होता. कमरेला लागेल इतका उंच, वर जड झाकण. रात्री सगळी खेळणी दोन्ही हातांनी लोटत न्यायची, पेटाऱ्यात ओतायची, झाकण लावायचं. खोली दोन मिनिटांत लख्ख. सकाळी आमच्या मोठीला तिचा बोटभर पिवळा कुत्रा हवा असायचा आणि तो हमखास तळाशी गेलेला असायचा. ती स्टुलावर चढून पेटाऱ्यात अर्धी वाकायची आणि एकेक वस्तू मागे टाकत सुटायची. कुत्रा हाती लागेपर्यंत पेटारा रिकामा आणि खोली भरलेली. मग ती कुत्र्याला घेऊन खिडकीपाशी जाऊन बसायची. बाकीच्या वस्तूंना तिला हातसुद्धा लावायचा नसायचा, आणि मी तिला पसाऱ्यावरून रागवायचो. तो पसारा तिचा नव्हता, पेटाऱ्याचा होता, हे कळायला मला फार वेळ लागला.

धाकटा रांगायला लागला तेव्हा सगळं नव्यानं लावलं. दोन वेळा फसलं, तिसऱ्या वेळी बसलं, आणि ते आजही टिकून आहे. त्या तीन खेपांमधून जे कळलं ते इथं क्रमानं देतो. सगळ्या पायऱ्यांमागे कसोटी एकच आहे: खेळणं काढायला किती सोपं आहे हे पाहू नका, परत ठेवायला किती सोपं आहे ते पाहा. हवं असलेलं खेळणं मूल कुठूनही ओढून काढतं. ठेवायची वेळ येते तेव्हा खेळ संपलेला असतो, मूल दमलेलं असतं आणि त्याला त्या वस्तूत रस उरलेला नसतो. त्या क्षणी जे जमेल तेवढीच मांडणी घरात टिकते.

काय काय लागेल

- एक जुनी मोठी चादर
- मोजपट्टी किंवा टेप, कागद, पेन
- चार-पाच रिकामी खोकी (पुठ्ठ्याची चालतील, ती फक्त वर्गवारीपुरती)
- चेन असलेल्या लहान पिशव्या, जाळीच्या एक-दोन पिशव्या
- स्क्रू-ड्रायव्हर, बॅटऱ्या काढण्यासाठी
- मोबाइलचा कॅमेरा, छापलेले फोटो किंवा चित्रं, रुंद पारदर्शक चिकटपट्टी
- कपाट भिंतीला बांधण्यासाठी अँगल आणि स्क्रू
- आतून स्वच्छ असलेली टिश्यू पेपरची रिकामी नळी (हिचं काम चौथ्या पायरीत)

डबे आणि टोपल्या या यादीत मुद्दाम घातलेल्या नाहीत. त्यांची वेळ सहाव्या पायरीत येते. आम्ही पहिल्या खेपेला आधी एकसारख्या आकाराचे बारा डबे घेऊन आलो आणि मग खेळणी त्यांत बसवत गेलो. निम्म्या डब्यांत खेळणी मावेनात आणि उरलेल्या निम्म्यांत चार-दोन वस्तू खुळखुळत राहिल्या.

वेळ धरा दोन अर्ध्या दिवसांचा. एका दिवसात संपवायला गेलात तर शेवटचा ढीग तुम्ही थकून कुठंतरी कोंबाल, आणि पुढे तिथूनच सगळं बिघडत जाईल.

## १. सगळी खेळणी एका जागी आणा

चादर अंथरा आणि घरातलं प्रत्येक खेळणं तिच्यावर आणून ठेवा. सोफ्याखालची, न्हाणीघरातली, प्रवासाच्या बॅगेतली, माळ्यावरची, स्वयंपाकघराच्या खणात जाऊन बसलेली, सगळी. हे अर्धवट करू नका. वेगवेगळ्या खोल्यांत विखुरलेली खेळणी कधीच जास्त वाटत नाहीत. आमच्याकडे सात चेंडू आणि एकाच जिगसॉ कोड्याचे चार खोल्यांत पांगलेले तुकडे निघाले.

मूल तीन वर्षांच्या पुढचं असेल तर त्याला या कामात घ्या. हरवलेलं सापडण्याचा आनंद त्याला होतोच, शिवाय आपल्याकडे काय काय आहे हे त्याला पहिल्यांदाच एकत्र दिसतं. त्याहून लहान मूल झोपलेलं असताना हे करा, कारण या ढिगात बारीक तुकडे उघड्यावर पडलेले असतात.

## २. काय ठेवायचं, काय नाही

आता खोकी ओळीनं लावा: चालू, अजून मोठं व्हायचंय, यातून मोठे झालो, दुरुस्ती, आणि फेकायचं.

फेकायच्या खोक्यात भावनेला जागा देऊ नका. चिरलेलं, धारदार कडा आलेलं प्लॅस्टिक, शिवण उसवून आतला कापूस किंवा दाणे बाहेर येणारं मऊ खेळणं (शिवता येत असेल तर दुरुस्तीत), रंगाचे पोपडे निघणारं जुनं खेळणं, बॅटरीच्या कप्प्याचं झाकण हरवलेलं खेळणं. दुरुस्तीच्या खोक्यावर आजची तारीख घाला. महिन्याभरात हात लागला नाही तर ते खोकं फेकण्याचं झालं असं समजा.

दुसऱ्याला द्यायची खेळणी धुऊन, पूर्ण संच करून द्या. तीन तुकडे कमी असलेलं कोडं दुसऱ्या मुलाच्या हातात देणं बरं नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. मुलाच्या पाठीमागे त्याचं आवडतं खेळणं नाहीसं करू नका, मग ते कितीही फाटकं असो. मोठीचा एक कानतुटका ससा मी गुपचूप टाकून दिला होता. त्यानंतर कित्येक महिने ती कुठलंच खेळणं द्यायला तयार होईना, आणि रात्री झोपण्याआधी टोपली तपासून पाहायची. तो विश्वास परत यायला फार वेळ गेला. देणं-टाकणं मुलाला विचारून करा. अगदीच सोडवत नसेल तर ‘आठवणींची पेटी’ म्हणून एकच ठरावीक आकाराची पेटी ठेवा. तिच्यात मावेल ते राहील. नवं काही घालायचं तर जुनं काढायचं, आणि काय काढायचं ते मूल ठरवेल.

## ३. वर्गवारी मुलाच्या खेळाप्रमाणे करा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळ देऊन करावी असं माझं मत आहे.

मी आधी प्राण्यांची टोपली, ठोकळ्यांची टोपली, गाड्यांची टोपली असं केलं. कागदावर अगदी शहाणपणाचं. पण आमची मोठी प्राणिसंग्रहालय खेळायची: ठोकळ्यांचे पिंजरे, त्यांत प्राणी, आणि प्राण्यांना आणणारा एक ट्रक. म्हणजे एका खेळासाठी तीन टोपल्या बाहेर, आणि आवरताना तिन्हींची वाटणी. ती कंटाळून सगळं एकाच टोपलीत टाकायची आणि मी पुन्हा वेगळं करत बसायचो. शेवटी मी तिचं ऐकलं. मोठे प्राणी, लाकडी ठोकळे आणि तो एक ट्रक एकाच टोपलीत गेले. त्या दिवसापासून ती टोपली कधी बिघडली नाही.

म्हणून दोन दिवस नुसतं पाहा. कुठल्या वस्तू एकत्र खेळल्या जातात? भातुकलीबरोबर बाहुल्या येतात का? रेल्वेच्या रुळांबरोबर छोटी माणसं येतात का? जे एकत्र खेळलं जातं ते एकत्र ठेवा.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे अतिबारीक वर्गवारी. रंगाप्रमाणे लावलेले ठोकळे फार छान दिसतात, पण ती रचना फक्त तुम्हीच सांभाळू शकता. लहान मुलाला पाच-सहा गट पेलतात. शाळेत जाणाऱ्याला दहा-बारा. त्यापुढे गेलात तर आवरायचं काम कायमचं तुमच्याकडे आलं.

## ४. लहानांच्या गळ्यात अडकू शकेल असं काय आहे?

घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल किंवा नेहमी येत असेल, तर ही पायरी वगळू नका.

खेळण्यांच्या सुरक्षाचाचणीत लहान तुकड्यांसाठी एक नळकांडं वापरतात. त्याचा आतला व्यास ३१.७ मिमी असतो आणि तळ तिरका असल्यामुळे खोली २५.४ पासून ५७.१ मिमीपर्यंत असते. जी वस्तू न दाबता त्यात पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलासाठी धोक्याची समजतात. घरी असं नळकांडं नसतं, पण टिश्यू पेपरची रिकामी नळी असते. ती साधारण ४ सेंमी रुंद, म्हणजे चाचणीच्या नळकांड्यापेक्षा थोडी मोठीच, त्यामुळे चूक झालीच तर सावधपणाच्या बाजूला होते. जे जे तिच्यातून आरपार जाईल ते मोठ्या मुलाच्या बंद डब्यात. चेंडूंना नियम याहून कडक आहे: ४४.४ मिमीहून कमी व्यासाचा चेंडू तीन वर्षांखालच्या मुलाजवळ नको, कारण गोल वस्तू घशात चपखल बसून श्वास पूर्ण बंद करते.

दोन वस्तूंबद्दल वेगळं सांगायलाच हवं. पहिली, बटणासारखी चपटी बॅटरी. विशेषतः २० मिमी व्यासाची लिथियम बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांच्या आत गंभीर भाजल्यासारखी इजा करू शकते, आणि ती बॅटरी संपलेली असली तरी धोका राहतोच. अशी बॅटरी असलेल्या खेळण्याचा कप्पा स्क्रूनं बंद होतो ना, हे आजच पाहा. दुसरी, बारीक शक्तिशाली लोहचुंबकं. एकाहून जास्त गिळली गेली तर ती आतड्याच्या दोन भागांना मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि तिथं भोक पाडू शकतात. यांपैकी काहीही गिळल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट पाहू नका, थेट रुग्णालय गाठा.

मोठ्या भावंडाला मात्र हे ‘तुझं काढून घेतलं’ असं वाटता कामा नये. आमच्याकडे बारीक तुकड्यांचा डबा वरच्या फळीवर गेला आणि त्याबरोबर मोठीला जेवणाच्या टेबलावरची हक्काची जागा मिळाली. धाकट्याच्या दुपारच्या झोपेची वेळ ही तिच्या त्या डब्याची वेळ.

## ५. बाहेर थोडं, आत बरंच

आता ‘चालू’ खोक्यातली खेळणी मोजा. ती सगळी एकाच वेळी बाहेर मांडायची नाहीत.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी १८ ते ३० महिन्यांच्या ३६ बालकांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन खेळू दिलं. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. खेळणी चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्याच्याशी जास्त प्रकारे खेळली. याचा अर्थ घरात चारच खेळणी ठेवा असा नाही. पण समोर कमी असलं की खेळ खोल जातो, हे आम्ही आमच्या जमिनीवरही पाहिलं.

आम्ही साधारण एक तृतीयांश बाहेर ठेवतो, बाकी बंद खोक्यांत कपाटाच्या वरच्या भागात. फेरपालटासाठी कॅलेंडर लावू नका. एखाद्या टोपलीला आठवडाभर हात लागला नाही की ती आत आणि आतली एक बाहेर. सगळं एकदम बदलू नका, एका वेळी एक-दोन. नवीन काही न आणताही मूल जुन्या खेळण्याकडे धावतं, ते पाहायला फार छान वाटतं.

काही वस्तू फेरपालटात कधीच घालू नका: झोपताना जवळ लागणारं खेळणं, साधे ठोकळे, आणि कागद-खडू.

## ६. मांडणी आणि डबे

डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममध्ये आपलं पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं. मुलांच्या हाताला येणाऱ्या उंचीवर उघड्या, बुटक्या मांडण्या आणि प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा ही त्यांच्या पद्धतीची ओळख झाली. शंभराहून जास्त वर्षांनंतरही यापेक्षा चांगली कल्पना मला सापडलेली नाही.

उंची. मुलाचा वापर असलेली सगळ्यात वरची फळी त्याच्या डोळ्यांच्या वर नको. गुडघ्यांवर बसून पाहा, म्हणजे मुलाला काय दिसतं ते कळेल.

खोली. साधारण ३० सेंमी खोल फळी पुरते. जास्त खोल असली की मागे दुसरी रांग लागते, आणि मागच्या रांगेतलं मुलासाठी नसल्यासारखंच.

माप. आता टेप काढा. फळीची आतली रुंदी, दोन फळ्यांमधली उंची, खोली लिहून घ्या. मग प्रत्येक गटातली खेळणी एका खोक्यात ढिली ठेवून किती जागा लागते ते पाहा. डबा निवडताना तळ मोजा. बरेच डबे वर रुंद आणि खाली निमुळते असतात, त्यामुळे वरून मोठा दिसणारा डबा आत कमी घेतो. डबा काठोकाठ भरू नका, वरची तीन-चार बोटं मोकळी सोडा. टाकायला जागा लागते, रचायला वेळ लागतो.

आकार. बारीक वस्तूंना उथळ ट्रे, १२-१५ सेंमीहून खोल नको. मुलानं बोटं फिरवली की तळ दिसला पाहिजे. खोल टोपली फक्त मोठ्या, मऊ, हलक्या खेळण्यांना.

झाकण. दुसऱ्या खेपेला आम्ही दोन्ही बाजूंना खटके असलेले झाकणाचे डबे घेतले. एके संध्याकाळी धाकट्याला पाहत होतो. गाड्या सगळ्या आत टाकल्या होत्या त्यानं, न सांगता. मग झाकण घेतलं. ते आडवं बसवलं, फिरवलं, उभं बसवलं. दोन्ही तळव्यांनी एक कोपरा दाबला, तो बसला, तोच समोरचा उचलला गेला. पोटानं रेटून पाहिलं. तीन-चारदा करून त्यानं झाकण डब्यावर नुसतं ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या रात्री मी मुलांच्या फळीवरच्या सगळ्या डब्यांची झाकणं काढून ठेवली. झाकण हवं ते फक्त वरच्या, मोठ्यांच्या फळीवर.

पारदर्शक की रंगीत? पारदर्शक डब्यात काय आहे ते दिसतं, पण दहा डबे शेजारी आले की मांडणी डोळ्यांना गजबजलेली वाटते. आम्ही खालच्या फळीवर अपारदर्शक ट्रे आणि पुढे चित्र, असं ठेवलं. साठवणीच्या खोक्यांना मात्र पारदर्शकच बरे.

भिंतीला बांधणं. मांडणी कितीही बुटकी असो, ती अँगल लावून भिंतीला स्क्रूनं पक्की करा. मुलं खण उघडून त्यांच्या पायऱ्या करतात आणि कपाट अंगावर येतं. चिकटपट्टी किंवा चिकट पॅड यावर भागवू नका. जड वस्तू सगळ्यात खाली. आणि मुलाला हवंसं वाटणारं काहीही मांडणीच्या माथ्यावर ठेवू नका, ते चढायचं आमंत्रण आहे.

पेटारा ठेवायचाच असेल तर झाकण काढून टाका. ते शक्य नसेल तर कुठल्याही कोनात सोडलं तरी तिथंच थांबेल असा आधार बिजागरीला हवा, म्हणजे झाकण मानेवर किंवा बोटांवर आदळणार नाही. मूल आत शिरून बसू शकतं, त्यामुळे हवेची भोकं हवीत आणि पेटारा भिंतीला टेकल्यावरही ती झाकली जाता कामा नयेत. खटका किंवा कडी तर अजिबात नको.

## ७. खुणा: डब्यावर एक, फळीवर एक

प्रत्येक टोपलीतल्या खऱ्या खेळण्यांचा फोटो काढा, दोन प्रती छापा. एक टोपलीच्या पुढच्या बाजूला, दुसरी फळीवर त्या टोपलीच्या जागी. दोन्हींवर पारदर्शक चिकटपट्टी पूर्ण झाकेल अशी लावा, नाहीतर कोपरे चार दिवसांत सोलले जातात. चित्राखाली मोठ्या अक्षरात नाव लिहा. वाचता न येणारं मूलही रोज तो शब्द पाहतं.

फळीवरची खूण बरेच जण लावत नाहीत, आणि टोपल्यांची अदलाबदल तिथूनच सुरू होते. दोन्ही चित्रं असली की आवरणं हाच जोड्या लावण्याचा खेळ होतो. चिकटवायचं काम मुलाकडे द्या. वाकडं लागलं तरी सरळ करू नका.

## ८. कुठलं खेळणं कसं ठेवायचं

जोडायचे ठोकळे. लेगोच्या जोडठोकळ्याचा पेटंट अर्ज २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल झाला, आणि त्या काळापासूनचे ठोकळे आजच्या ठोकळ्यांत बसतात. म्हणजे हे खेळणं नीट राखलं तर पुढच्या पिढीला जातं. लहान मुलांसाठी गोल चादरीला नाडी ओवून केलेली पिशवी उत्तम: पसरली की खेळायची जागा, नाडी ओढली की पिशवी. ठोकळे फार वाढले तर आकाराप्रमाणे वेगळे करा, रंगाप्रमाणे नको. मिसळलेल्या रंगांच्या ढिगात लाल रंग लगेच दिसतो, पण लाल ठोकळ्यांच्या ढिगात बारीक लाल तुकडा दिसता दिसत नाही. धुवायचे तर हातानं, ४० अंश सेल्सिअसपेक्षा गरम पाणी नको. वॉशिंग मशीनमध्ये घालू नका आणि उन्हात नको, सावलीत वाळवा.

इथंच एक ‘काम चालू’ फळी करा. साधी पाटासारखी फळी किंवा मोठा ट्रे. अर्धवट बांधलेलं घर, विमान, जे काही असेल ते रात्री त्यावर जसंच्या तसं राहील. आवरायचं म्हणजे केलेलं मोडायचं, असं मुलाला वाटलं तर ते आवरायला का येईल? ही फळी आल्यापासून आमच्याकडचं रात्रीचं रडणं जवळजवळ थांबलं.

जिगसॉ कोडी. प्रत्येक कोड्याला एक खूण ठरवा, तारा, गोल, त्रिकोण, आणि ती प्रत्येक तुकड्याच्या मागे काढा. कुठंही तुकडा सापडला की तो कुणाचा ते लगेच कळतं. पुठ्ठ्याचं खोकं फाटलं की चेन असलेल्या पिशवीत तुकडे आणि झाकणावरचं चित्र कापून ठेवा. पिशव्या फायलींसारख्या उभ्या लावा.

मऊ खेळणी. यांत धूळ आणि डस्ट माइट, म्हणजे धुळीत राहणारे डोळ्यांना न दिसणारे किडे, राहतात. लेबलवर चालत असेल तर ६० अंशांना धुतल्यावर माइट मरतात. गरम पाणी न सोसणारं खेळणं पिशवीत बांधून २४ तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग साध्या पाण्यात धुवा. नुसत्या गारठ्यानं माइट मरतात, पण त्यांचे अवशेष तसेच राहतात आणि ॲलर्जी त्यांचीच येते. आतपर्यंत पूर्ण वाळल्याशिवाय बंद करू नका. मऊ खेळण्यांत डांबरगोळ्या कधीही टाकू नका. त्यांतलं नॅफ्थलीन विषारी असतं, आणि जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात. मुलं ही खेळणी तोंडाजवळ घेऊन झोपतात, हे विसरू नका.

बॅटरीवरची खेळणी. महिनाभराहून जास्त काळ आत जाणार असतील तर बॅटऱ्या काढूनच ठेवा. अल्कलाइन बॅटरी गळते तेव्हा त्यातून पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं आणि पट्ट्या गंजून खेळणं बंद पडतं. गळलेलीच सापडली तर हातमोजे घालून काढा, कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पट्ट्या पुसा, मग ओलसर आणि शेवटी कोरड्या फडक्यानं.

आंघोळीची खेळणी. पिळल्यावर पाणी उडवणाऱ्या, तळाला भोक असलेल्या खेळण्यांवर माझा विश्वास उरलेला नाही. स्वित्झर्लंडच्या एआवाग या पाणी-संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांबरोबर वापरलेली अशी खेळणी कापून पाहिली. २०१८ मध्ये त्यांनी मांडलेल्या निष्कर्षांप्रमाणे आत जंतूंचा बुळबुळीत थर होता आणि अनेकांत बुरशी. वापरायची असतील तर प्रत्येक वेळी पूर्ण पिळून, भोक खाली करून जाळीच्या पिशवीत टांगा. काळे कण बाहेर आले की फेका. भोक नसलेली घेणं जास्त सोपं.

चित्रकला. मेणाचे खडू आणि कागद मुलाच्या हाताशी, कात्री आणि न पुसले जाणारे मार्कर वर. खेळायच्या मऊ मातीच्या डब्यांची झाकणं रोज रात्री तुम्ही स्वतः दाबून पाहा, उघडी राहिली तर एका रात्रीत माती कडक होते.

लाकडी खेळणी भिजवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. चेंडू जाळीत. बाकी मोठ्या वस्तूंना, सायकल, तंबू, ढकलगाडी, दाराजवळ जमिनीवर चिकटपट्टीनं आखलेली जागा पुरते.

## ९. आवरायची वेळ

मांडणी झाली की ती मुलाच्या हाती द्यायची. ‘खोली आवर’ या वाक्यातून लहान मुलाला काही कळत नाही. ‘गाड्या या टोपलीत’ हे कळतं. ते झालं की पुढचं वाक्य. दोन वर्षांच्या मुलाला तुम्ही वस्तू हातात द्या, टाकायचं काम त्याचं.

दहा मिनिटं आधी सांगून ठेवा. वेळ झोपेच्या तोंडावर नको, जेवणाआधीची बरी, कारण पुढे काहीतरी वाट पाहत असतं. एक टोपली आत गेल्याशिवाय दुसरी काढायची नाही हा नियम अनेक जण सांगतात. मी तो महिनाभर लावून पाहिला आणि सोडला, कारण दोन टोपल्या एकत्र आल्यावरच आमच्या मुलांचे चांगले खेळ जमतात. त्याऐवजी एका वेळी तीन ही मर्यादा चालते.

‘आवरलं नाहीस तर फेकून देईन’ असं म्हणू नका. तिथं मूल आवरायला शिकत नाही, घाबरायला शिकतं.

आठवडाभर पाहा. एखादी टोपली रोजच चुकत असेल तर दोष टोपलीत शोधा: खूप भरली आहे, खूप उंच आहे, की गट चुकला आहे? ती बदला, मुलाला बोलू नका.

## १०. वर्षभरासाठी बांधून ठेवताना

धाकट्यासाठी किंवा कुणासाठी राखायची खेळणी आधी धुवा आणि दोन दिवस उघडी ठेवून पूर्ण वाळवा. ऊन येणारी जागा नको, अतिनील किरणांनी प्लॅस्टिक पिवळं पडतं आणि ठिसूळ होतं. ओल येणारी जागा तर नकोच. मऊ रबरासारख्या पीव्हीसीच्या बाहुल्या वेगळ्या, कागदात गुंडाळून ठेवा. त्यांच्यातला मऊपणा देणारा पदार्थ हळूहळू बाहेर येतो, त्या चिकट होतात आणि शेजारच्या कडक प्लॅस्टिकला कायमच्या चिकटू शकतात. पत्ते किंवा रूळ रबरबँडनं बांधू नका, रबर वितळून खुणा पडतात. कापडी फीत वापरा. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यात तर खोकं उघडताना त्या मोजून बाहेर काढा.

खोकं तुम्हाला एकट्याला उचलता येईल एवढंच भरा. बाहेरच्या बाजूला तीन गोष्टी लिहा: आत काय, कुठल्या वयासाठी, कधी बांधलं. आणि उघडाल तेव्हा टिश्यू पेपरची नळी पुन्हा हाताशी घ्या, कारण बांधताना घट्ट असलेला बाहुलीच्या डोळ्याचा मणी दोन वर्षांनी सैल झालेला असू शकतो.